फिंजान हलवायचं राहिलं

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, विषय छापलाय ‘अमिराती परंपरा आणि आधुनिक जीवन’. मला चाळीस मिनिटं मिळाली होती, त्यातली नऊ माझ्या परिचयात गेली. तेव्हा लगेच कामाला लागतो.

हे नाणं पहिल्या रांगेपासून फिरवा. एक दिरहमचं आहे. त्यावर राजा नाही, राजवाडा नाही. कॉफीची चोचदार किटली आहे. तिला ‘दल्ला’ म्हणतात. हसलात ना? हिंदीतला अर्थ डोक्यातून काढा, ही फार प्रतिष्ठित बाई आहे.

आता माझी तक्रार. मी बावीस वर्षं संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन शहरात होतो. मी सांगतो अल ऐन, लोक ऐकतात दुबई. पुढचा प्रश्न सोन्याच्या भावाचा. आणि मग तो ठरलेला शेरा : “तिथे पैसा आहे हो, पण संस्कृती कुठली? सगळी काच!” हे सांगणारे गृहस्थ स्वतः कुठे गेलेले असतात? मॉलमध्ये. आपल्याकडे येऊन कोणी मॉलमध्ये वारी शोधली, तर त्याला काय सापडेल?

त्यावर माझं उत्तर एका वाटीएवढं आहे. नोकरीला लागून महिना झाला होता, आमच्या अरबाबच्या घरी जायचा योग आला. अरबाब म्हणजे मालक. तिथे गेलेल्यांना शब्द ठाऊक आहे. मजलिस म्हणजे त्यांची बैठकीची खोली. भिंतीलगत गाद्या, लोड, मध्ये गालिचा, आणि दार उघडं. कोणीही यावं, सलाम करावा, बसावं. एक पोरगा आला. डाव्या हातात दल्ला, उजव्यात एकात एक घातलेली फिंजानं, म्हणजे बिनकानाचे छोटे पेले. त्याने मला तळाला जेमतेम झाकेल एवढी कॉफी ओतली. मनात म्हटलं, एवढा श्रीमंत माणूस आणि हा कद्रूपणा! वेलदोड्याची, केशराची, पिवळसर, बिनसाखरेची कॉफी. सोबत खजूर. प्यायलो, पेला पुढे केला. त्याने परत ओतली. पाहुण्याने दिलेलं टाकू नये हे आईने शिकवलेलं, म्हणून तीही प्यायलो. तो ओततोय, मी पितोय. नऊ झाल्या! समोरचे म्हातारे गालात हसतायत, पण एकाने अवाक्षर काढलं नाही. पाहुण्याला ‘बस झालं’ म्हणणार कोण? पोरगा तर बसूही शकत नव्हता, मी पीत होतो तोवर त्याने उभंच राहायचं. बाहेर आल्यावर मलबारी ड्रायव्हर म्हणाला, “साब, कप हिलाने का!” नको असेल तर पेला मनगटातून दोनदा असा हलवायचा आणि परत द्यायचा. बस्स, एक शब्द बोलायचा नाही. आणि थोडी ओतणं हा कद्रूपणा नव्हता, मान होता. पेला काठोकाठ भरला, तर त्याचा अर्थ ‘प्या आणि निघा’.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचं कारण चिंतन नव्हतं.

पण तेव्हापासून माझं एक मत आहे. ज्या रीतीला आजही काम आहे ती तिथे टिकली, जिचं काम संपलं ती काचेच्या कपाटात गेली. युनेस्कोने २०१५ मध्ये मजलिस आणि अरबी कॉफी दोन्ही आपल्या यादीत घेतली. छान झालं. पण यादीच्या आधीही रोज संध्याकाळी पेले हलतच होते. आणि रीत टिकवायला त्यातलं वाईट काढायलाही ही मंडळी कचरली नाहीत. म्हणजे आधी कचरली, मग…

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पळतो.

उंटांच्या शर्यती. पाठीवर हलकं वजन हवं, म्हणून दक्षिण आशियातून, सुदानमधून लहान मुलं आणून बसवायचे. पडायची, मोडायची, मरायचीही. जगभर ओरड झाली, २००५ मध्ये बंदी आली. आता उंटावर दोन-तीन किलोचा यंत्रजॉकी असतो, हातात फिरता चाबूक. मालक ट्रॅकच्या कडेने मोठी गाडी पळवतो आणि वॉकीटॉकीवरून थेट उंटाला ओरडतो. हसू येतं, पण पोरं वाचली. शिकारीच्या ससाण्यांचं तसंच : त्यांना पासपोर्ट असतो, विमानात ते मालकाशेजारी बसतात, आणि अबू धाबीत त्यांचं स्वतंत्र इस्पितळ आहे.

उलट मोत्यांचं पाहा. उन्हाळाभर बुडी मारणारे पाणबुडे, नाकाला चिमटा, पायाला दगड, आणि होडीचा प्रमुख नाखुदा. आपल्या कोळ्यांचा नाखवा तोच शब्द. मोती जायचे मुंबईच्या बाजारात. जपानी पैदाशीचे मोती आणि १९२९ ची मंदी, दोघांनी मिळून धंदा बुडवला. आज तो सणासुदीला दाखवायला उरलाय. पैसाही मुंबईचाच होता हो! १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापायची. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि त्यांनी रुपया सोडला. शब्द मात्र ठेवून घेतले : सरळ जायचं तर ‘सीदा’, बटाटा ‘आलू’, पंखा ‘बंका’.

फलज राहिलंच. डोंगराच्या पायथ्याचं पाणी नुसत्या उतारावर खजुरीच्या बागांपर्यंत आणणारा पाट, मलिक अंबरच्या औरंगाबादच्या नहरीचा भाऊबंद. अल ऐनच्या बागेत मी दर शुक्रवारी त्याच्या काठाने चालायचो. पाण्याच्या पाळ्या वेळेवर ठरलेल्या, घड्याळ नव्हतं तेव्हा दिवसा सावली पाहायचे आणि रात्री तारे. यावर खरं तर अर्धा तास बोलायचं होतं.

दुसरी चिठ्ठी. अध्यक्षांनी तर पाण्याचा पेलाच हलवून दाखवला. म्हणजे एवढं तरी पोचलं. थांबतो. फक्त ते नाणं कोणाकडे अडलंय? माझ्याकडे एकच उरलंय हो.