हौदातले गोल्डफिश घरात आणताना

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी सरली की आपल्या सोलापुरात पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं, आणि ज्यांच्या अंगणातल्या हौदात किंवा गच्चीवरच्या टबात गोल्डफिश आहेत त्यांना काळजी लागते, की यांचं थंडीत कसं होणार? मग एखाद्या संध्याकाळी काचेची टाकी येते, नळाचं पाणी भरलं जातं, त्यात मासे सोडले जातात, आणि आठ-दहा दिवसांत एकेक मासा मरून वर येतो. थंडीनं गेले, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण त्यांचा जीव घेतलेला असतो तो त्या नव्या टाकीनं.

गोल्डफिश हा मुळात थंड पाण्याचा मासा, आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला. चीनमध्ये हजार वर्षांहून अधिक काळ तो पाळला जातोय. जिथे तळ्यावर बर्फ धरतो तिथेही खोल पाण्यात तळाशी राहून तो हिवाळा काढतो. त्यापुढे आपली थंडी ती किती! म्हणून कमरेइतका खोल दगडी हौद असेल आणि त्यात सडपातळ, लांब शेपटीचे कॉमेट असतील, तर त्यांना तिथेच राहू द्या. सकाळच्या गारठ्यात खायला घालू नका, ऊन वर आल्यावर थोडंसं घाला. एवढं पुरे.

आत आणायला हवेत ते उथळ टबातले मासे. टबातलं पाणी पहाटे गारठतं आणि दुपारच्या उन्हात तापतं. रोजची ही ओढाताण त्यांना सोसत नाही. तसेच ओरांडा, रुकिन असे गोल पोटाचे मासे. त्यांच्या आखूड शरीरात आतडी आणि हवेची पिशवी दाटीवाटीनं बसलेली असते. गार पाण्यात पचन मंदावलं की त्यांचा तोल जातो, काही तर उलटे तरंगायला लागतात.

आता नवी टाकी घात का करते ते सांगतो. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. हौदाच्या भिंतीवर, शेवाळात, तळच्या गाळात राहणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करतात. कोऱ्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर मासा आपल्याच विषात पोहत असतो. त्यात आपल्या बोअरचं पाणी जड आणि क्षारांचं. पाणी जितकं अल्कधर्मी, तितका अमोनिया जास्त घातक.

यावर उपाय अगदी स्वस्तातला आहे. घटस्थापनेच्या दिवशी एक साधा स्पंज फिल्टर एअर पंपाला जोडून हौदातच सोडा. तुळशीच्या लग्नापर्यंत तो तिथे चालू द्या. साधारण सहा आठवडे होतात, आणि जिवाणूंना स्पंजात वस्ती करायला तेवढेच हवे असतात. नंतर तो स्पंज बोटांनी दाबून पाहा. तपकिरी, गढूळ पाणी सुटतं आणि ओल्या मातीसारखा वास येतो. असा स्पंज म्हणजे खरी ठेव! तो नळाखाली धुऊ नका, क्लोरीननं सगळे जिवाणू मरतील. तो सुकूही देऊ नका. हौदाच्या पाण्याच्या बादलीत बुडवूनच घरात न्या आणि लगेच टाकीत चालू करा.

टाकीत निम्मं पाणी हौदातलंच घ्या. उरलेलं उजनीचं, नळाचं असेल तर एक दिवस उघड्या पिंपात ठेवा, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन काढायचे थेंब घाला. टाकी मोठी हवी. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत दीडशे लिटरच्या वर पाणी मावतं. त्यात गोल पोटाचे दोन, फार तर तीन मासे. पाण्याचंच वजन दीडशे किलो होतं, म्हणून टीव्हीच्या टेबलावर ती ठेवू नका. लोखंडी स्टँड घ्या आणि काचेखाली थर्माकोल घाला.

मासे हलवायचे ते दुपारी, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखंच कोमट असताना. दहा वेळा जाळी मारून त्यांना दमवू नका. जाळीनं खवले निघतात, अंगावरचा बुळबुळीत थर जातो. हौदातलं पाणी गुडघ्याच्या खाली आणा, प्लॅस्टिकचं घमेलं पाण्यात तिरपं धरा, हातानं माशाला हळूच आत वळवा आणि पाण्यासकट उचला. उचलल्यावर नीट बघा. अंगाला पांढरा दोरा लोंबत असेल तर तो अँकर वर्म, म्हणजे परजीवी. असा मासा आधी वेगळ्या टबात ठेवून त्याच्यावर उपचार करायचे.

हीटर घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. खोलीतली ऊब गोल्डफिशला पुरते. आत आल्यावर त्यांची भूक वाढते आणि पोरं कौतुकानं चुरमुरे टाकतात. ते अजिबात नको. दोन मिनिटांत संपेल इतकंच खाणं घाला, आणि आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी बदला.

मासे आत गेल्यावर रिकामा हौद विसरला जातो, आणि डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. हौद घासून कोरडा तरी करा, नाहीतर त्यात गप्पी मासे सोडा. आणि एक कळकळीची विनंती: नकोसे झालेले गोल्डफिश सिद्धेश्वर तलावात किंवा हिप्परग्याला नेऊन सोडू नका. ते तळ उकरून पाणी गढूळ करतात, तिथल्या माशांची अंडी खातात. ज्याच्याकडे हौद आहे अशा कुणाला तरी देऊन टाका.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते. त्या सुमारास, ऊन तापायच्या आत, मासे परत बाहेर न्या. पण त्याआधी निम्म्या हौदावर सावलीसाठी हिरवी जाळी बांधा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि आपल्याकडचा मे महिना या माशांना डिसेंबरपेक्षा कितीतरी जड जातो.

नमस्कार.