डायंथस: आपल्याकडचं रब्बीचं फूल

(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. फळ्यावरचा विषय वाचून मघाशी मागून कुणीतरी म्हणालं, "इथं पऱ्हाटीवरच्या अळीनं जीव खाल्ला, अन् हे आल्प्सची फुलं सांगायले आले!" रास्त आहे. पण अंगणात फुलं लावायला कापसाचा भाव चांगला असावा लागतो, असं माझ्या तरी पाहण्यात नाही.

लग्नाच्या स्टेजवर, बुकेत जे लांब दांड्याचं कार्नेशन दिसतं, ते पॉलिहाऊसमधलं. जाळीचा आधार देऊन वाढवलेलं. त्याचं कूळ डायंथस, आणि या कुळात सुमारे ३०० जाती आहेत. त्यातल्या काही डोंगरावरच्या. डायंथस अल्पायनस ही ऑस्ट्रियाच्या बाजूच्या आल्प्समधली, चुनखडीच्या डोंगरांवर वाढणारी. रोप जेमतेम चार बोटं उंच, जमिनीला चिकटून पसरलेलं, आणि त्यावर सव्वा-दीड इंचाचं गडद गुलाबी फूल. पाकळ्यांच्या कडा कातरलेल्या, मध्ये ठिपक्यांचं कडं.

आपल्याला वाटतं, अशा झाडाला थंडी फार लागत असेल. थंडी त्याला मारत नाही. हिवाळाभर ते बर्फाखाली दबलेलं असतं आणि त्या पांघरुणाखाली झोपून असतं. त्याला मारतं ते मानेशी, म्हणजे खोड मातीतून वर येतं तिथं, साचलेलं पाणी. मुळं दगडाच्या फटीतून खोल गेलेली, तिथं गारवा आणि ओल. मान मात्र कोरडी. युरोपात हौशी लोक पर्वतावरच्या नाजूक रोपांवर हिवाळ्यात काच धरतात, ती पाऊस अडवायला. सगळी खडकबाग, म्हणजे दगडांच्या फटीत रोपं लावून केलेली बाग, या एका गोष्टीभोवती रचलेली असते.

आता आपलं वावर. काळ्या मातीत चुनखडी भरपूर, सामू साडेसात-आठच्या घरात. डायंथसला तो चालतो. काळी माती चुन्यामुळे नडत नाही, ती पाणी सोडत नाही म्हणून नडते. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि त्या ओढाताणीत बारीक मुळं तुटतात. वर बुरशी. हरभऱ्याचा मर रोग तुम्हाला सांगायला नको. कार्नेशनलाही मर येतो, बुरशी त्याच जातीची. फक्त हरभऱ्याची बुरशी वेगळ्या प्रकारची आणि कार्नेशनची वेगळ्या.

म्हणून जमीन खणू नका, वर चढवा. दीड-दोन फुटांचा ढीग करा. तळाला विटांचे तुकडे, मोठी गिट्टी. त्यावर निम्मा मुरूम, बाकी जाड रेती आणि बारीक गिट्टी, थोडं पुरतं कुजलेलं शेणखत. काळी माती टोपलंभर, त्याहून जास्त नको. खत जास्त झालं तर रोप लुसलुशीत वाढतं आणि लोळतं.

दगड नुसते वर ठेवायचे नाहीत. एक तृतीयांश तरी पुरायचे, आणि माथा ढिगाकडे किंचित कललेला ठेवायचा, म्हणजे पडलेलं पाणी आत मुळांकडे जातं, बाहेर ओघळत नाही. दोन दगडांमध्ये बोटभर फट सोडा, रोप तिथंच. लावून झालं की पानांच्या खाली, मानेभोवती बारीक गिट्टीचा दोन बोटं थर. हा थर लोक टाळतात आणि मग रोप मानेतून सडलं म्हणून नर्सरीवाल्याला शिव्या घालतात.

दगड कुठला? आपल्या आजूबाजूला काळा बेसाल्ट फुकट मिळतो, पण तो तापतो आणि रात्री ती ऊब सोडत बसतो. आल्प्सच्या थंडीत ते सोयीचं, आपल्याकडे फेब्रुवारी सरला की घातक. चंद्रपूरकडे, राजुरा-गडचांदूरच्या पट्ट्यात चुनखडीचा दगड आहे. सिमेंटचे कारखाने तिकडे उगाच आले नाहीत. तो फिकट दगड मिळाला तर उत्तम. नाहीतर बेसाल्टच, पण सर्वांत मोठा दगड पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतर त्याची सावली पडेल.

एवढं करूनही अस्सल अल्पायनस आपल्याकडे उन्हाळा काढणार नाही. दिवसाचे ४५ अंश एक वेळ सावलीनं टाळता येतील. मे महिन्यातली रात्र कशी टाळणार? पारा २८-३० वर असला की रोप दिवसभरात कमावलेलं रात्रीच्या श्वसनात उडवतं. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: दगडांची रचना आल्प्सची घ्या, रोप याच कुळातल्या चिनी डायंथसचं लावा, आणि त्याला रब्बीचं पीक समजा. कोजागरीच्या आसपास पेरणी. आठ-दहा दिवसांत उगवतं. पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की ढिगावर लावा, शेंडा खुडा. जानेवारीपासून होळीपर्यंत फूल. मधेच अवकाळी पाऊस, गारपीट येते, तेव्हा ढिगावर ताडपत्री; तीच ती युरोपातली काच.

बी घ्यायचं असेल तर सुकलेल्या फुलाची नळी पाहा. आतलं बोंड पिकलं की टोकाला चार दातांनी उघडतं, आणि आत काळ्या, चपट्या बिया दिसतात. दात उघडले की त्याच दिवशी काढा. वारा आला की बी ढिगावर. पाकिटावर एफ-१, म्हणजे पहिल्या पिढीचं संकरित बी, असं लिहिलं असेल तर मात्र त्या रोपांचं बी ठेवू नका, पुढच्या वर्षी रंग आणि उंची भलतीच निघते.

एका ताईंनी विचारलंय, चिखलदऱ्यात अल्पायनस होईल का, तिथं तर कॉफीही होते. चिखलदरा १,१०० मीटरच्या आसपास आहे, आणि अल्पायनस साधारण त्या उंचीपासूनच वर सापडतो, त्यामुळे कागदावर जमतं. पण आल्प्स ४७ अंश अक्षांशावर, आपण २१ वर. कॉफीला सावली हवी, पाऊस हवा, दहिवर नको. याला नेमकं उलटं: बर्फाखालची झोप हवी आणि मेळघाटातला चार महिन्यांचा पाऊस अजिबात नको. ज्यांना करूनच पाहायचं आहे, त्यांनी कुंडीत लावावं आणि जून ते सप्टेंबर ती कुंडी पत्र्याच्या छपराखाली, वारा लागेल अशा जागी ठेवावी.