फ्रॉड अलर्ट: लावायला एक फोन, काढायला तीन अर्ज

अमेरिकेत पाकीट हरवलं किंवा सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारने दिलेला ओळख क्रमांक) चोरीला गेला, की माणूस घाईघाईने फ्रॉड अलर्ट लावतो आणि विसरून जातो. आठ महिन्यांनी गाडीचं कर्ज अडकतं, तेव्हा त्याला तो अलर्ट आठवतो. आजचं बोलणं त्या आठ महिन्यांनंतरच्या अडचणीबद्दल आहे.

फ्रॉड अलर्ट ही तुमच्या क्रेडिट फाइलवर, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदवहीवर, डकवलेली चिठ्ठी आहे. कर्ज देणाऱ्याने ती वाचायची आणि अर्ज करणारे खरंच तुम्हीच आहात याची खातरजमा करायची, एवढाच तिचा अर्थ. फाइल उघडीच राहते, क्रेडिट स्कोअरला धक्का लागत नाही. तुमच्या आधीपासूनच्या कार्डावर कुणी खरेदी केली, तर ही चिठ्ठी ते थांबवू शकत नाही. त्यासाठी स्टेटमेंट आपणच वाचायला हवं.

अलर्ट तीन प्रकारचे असतात. साधा अलर्ट एक वर्ष टिकतो. २१ सप्टेंबर २०१८ पूर्वी तो ९० दिवसांचा होता, त्यामुळे जुन्या लेखांत अजून ९० दिवस वाचायला मिळतात. एक्स्टेंडेड अलर्ट सात वर्षांचा. त्याला ओळखचोरीचा अहवाल जोडावा लागतो, म्हणजे फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर केलेली तक्रार किंवा पोलिसांचा रिपोर्ट. तिसरा अलर्ट सक्रिय सैनिकी सेवेतल्या लोकांसाठी, तोही एक वर्षाचा. या फाइली ठेवणाऱ्या तीन कंपन्या, म्हणजे क्रेडिट ब्युरो, आहेत: इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन. यांपैकी कुठल्याही एका ब्युरोला सांगितलं, की बाकी दोघांना कळवणं हे त्या ब्युरोचं कायदेशीर काम. पैसे कुणीही घेत नाही.

चिठ्ठीतला मजकूर नीट वाचा. तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे फाइलच्या प्रतीत, तो ठळकपणे वेगळा दिलेला असतो, आणि त्यात एक फोन नंबर असतो. या नंबरवर फोन करून ग्राहकाची ओळख पटवल्याशिवाय कर्ज देऊ नका, अशा अर्थाचं ते वाक्य. अलर्टचा सगळा जीव या नंबरात आहे. दरम्यान तुम्ही नंबर बदललात, किंवा अनोळखी फोन घेणं बंद केलंत, तर बँकेचा माणूस फोन करत राहतो, कुणी उचलत नाही आणि अर्ज नाकारला जातो. दुकानातल्या काउंटरवर जागच्या जागी मिळणारं कार्ड तर बहुतेक वेळा अडकतंच, कारण तिथे फोन करायला कुणी बसलेलं नसतं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की अलर्ट काढायला निघालेल्या बहुतेकांना तो काढण्याची गरज नसते, नंबर दुरुस्त करण्याची असते. तिन्ही ब्युरोंकडे नवा नंबर द्या आणि कर्जाचा अर्ज करताना अधिकाऱ्याला आधीच सांगून ठेवा, “माझ्या फाइलवर अलर्ट आहे, या नंबरवर फोन येईल, मी उचलेन.” खातरजमेचा फोन आला तरी पूर्ण सोशल सिक्युरिटी नंबर किंवा ओटीपी सांगू नका. नाव विचारून घ्या, फोन ठेवा आणि त्या बँकेच्या अधिकृत नंबरवर स्वतः लावा. अलर्टचं निमित्त करून फसवणारेही फोन करतात.

तरीही काढायचाच असेल, तर इथे खरी मेहनत आहे. लावताना एका ब्युरोने बाकी दोघांना कळवलं होतं. काढताना प्रत्येक ब्युरोकडे स्वतंत्र विनंती करावी लागते. एकीकडून काढला आणि गृहकर्जवाल्याने तिन्ही रिपोर्ट मागवले, की दुसरीकडचा अलर्ट पुढे उभा राहतो. मुदतीपूर्वी काढायचा तर ओळखीचा पुरावा द्यावाच लागतो, आणि तो द्यायला लागतो हे बरंच आहे, नाहीतर चोरच तो काढून टाकेल. पूर्ण नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर, गेल्या दोन वर्षांतले पत्ते, ड्रायव्हिंग लायसन्सची प्रत आणि पत्ता दाखवणारं वीजबिल किंवा बँक स्टेटमेंट, एवढं हाताशी ठेवा.

विनंती परत येते ती कागद जुळत नाहीत म्हणून. लायसन्सवर जुना पत्ता, बिलावर नवा. बिलाच्या फोटोत वरची कडा कापलेली, त्यामुळे तारीख दिसत नाही. आपल्या लोकांचं आणखी एक: मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. ते एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर गायब. फाइलवर नाव जसं छापलंय, अगदी तसंच अर्जात लिहा.

साधा अलर्ट वर्ष संपलं की आपोआप गळून पडतो. तीन आठवडे उरले असतील आणि कर्जाची घाई नसेल, तर अर्ज-बिर्ज करत बसू नका. उलट संरक्षण चालू ठेवायचं असेल, तर तारीख कॅलेंडरात टाका, कारण तो पुन्हा आपणच लावावा लागतो.

गृहकर्ज अडलं की सगळा दोष अलर्टवर ढकलला जातो, पण पुष्कळदा अडथळा वेगळाच असतो. एखाद्या खात्याबद्दल तुम्ही कधी तक्रार केली असेल, तर त्या खात्यासमोर “ग्राहकाला ही माहिती मान्य नाही” असा शेरा राहून जातो. अलर्ट काढल्याने तो शेरा जात नाही. तो काढायला ते खातं ज्यांचं आहे त्या बँकेला किंवा ब्युरोला वेगळं कळवावं लागतं.

सध्या कर्ज घ्यायचंच नसेल, तर फ्रीज, म्हणजे नव्या कर्जासाठी फाइल कुणाला दाखवायचीच नाही असं कुलूप, जास्त भक्कम. तोही फुकट. मात्र तो तिन्हीकडे वेगवेगळा लावायचा. ऑनलाइन किंवा फोनवरून सांगितलं तर एका कामाच्या दिवसात लागतो, आणि उठवायला सांगितल्यावर तासाभरात उठवणं ब्युरोला बंधनकारक आहे. टपालाने गेलात तर तीन कामाचे दिवस. अलर्ट आणि फ्रीज दोन्ही एकाच वेळी ठेवता येतात.

अलर्ट काढल्यावर आठवड्याभराने तिन्ही रिपोर्ट मागवा, ते दर आठवड्याला मोफत मिळतात, आणि ती चिठ्ठी गेली का ते डोळ्यांनी बघा. नवरा-बायको मिळून घर घेत असाल, तर दोघांची फाइल स्वतंत्र असते. म्हणजे तपासायच्या फाइली सहा.