गोळी दुकानात आल्यानंतर

नमस्कार बडोदेकर श्रोतेहो.

आज थोड्या हिशोबापासून सुरुवात करू. एखाद्या औषधाचा त्रास हजारात एकाला होत असेल, तर तो चाचणीत निदान एकदा दिसेल अशी ९५ टक्के खात्री मिळायला सुमारे ३,००० माणसं लागतात. त्रास दहा हजारांत एकाला होत असेल, तर ३०,००० लागतात. इतकी माणसं बाजारात येण्यापूर्वीच्या चाचण्यांत क्वचितच असतात. शिवाय गरोदर बायका, मूत्रपिंड बिघडलेले, ऐंशी ओलांडलेले आणि रोज सहा-सात औषधं घेणारे यांना बहुधा वगळलेलं असतं. रावपुऱ्यातल्या दुकानातून ती गोळी घरी नेतात ते मात्र यांच्यातलेच बरेचजण.

म्हणून विक्री सुरू झाल्यावरही लक्ष ठेवावं लागतं. नव्या औषधाच्या कंपनीला पहिली २ वर्षं दर ६ महिन्यांनी आणि पुढची २ वर्षं वर्षातून एकदा सुरक्षिततेचा अहवाल सरकारला द्यावा लागतो. कंपनीच्या बाहेरची यंत्रणा म्हणजे भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम. तो २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगातून चालतो. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या केंद्रांकडून तिथे औषधांच्या त्रासाच्या नोंदी येतात. तिथून त्या स्वीडनमधल्या उप्साला इथल्या जागतिक साठ्यात जातात.

नोंदीला किमान चार गोष्टी लागतात: रुग्ण कोण (पूर्ण नाव नको, आद्याक्षरं पुरतात), औषध कोणतं, झालं काय आणि कळवणारा कोण. पण एवढ्यावर तपासणाऱ्याला फारसं ठरवता येत नाही. त्याला तारखा हव्या असतात. गोळी कधी सुरू झाली, त्रास कधी, बंद केल्यावर किती दिवसांत थांबला, पुन्हा घेतल्यावर परत आला का? (हे शेवटचं मुद्दाम करून बघायचं नसतं, चुकून घडलं असेल तर सांगायचं.) आणि सोबत जे जे पोटात जात होतं ते सगळं. चूर्ण, काढा, गुडघेदुखीची कुणी दिलेली पुडी, हे लोक सांगतच नाहीत; ते औषधांत मोजायचं असतं हे डोक्यातच येत नाही. मग दोष कुणाचा ते कळत नाही.

रक्तदाबाची रामिप्रिल किंवा एनालाप्रिल ही गोळी बघा. तिने काहींना कोरडा, ठसका लागावा तसा खोकला होतो. तो कधी काही दिवसांत येतो, कधी काही महिन्यांनी. इतक्या उशिरा आल्यावर गोळीवर संशय कोण घेणार? खोकल्याची बाटली येते, छातीचा फोटो निघतो. डॉक्टरांनी गोळी बदलली की साधारण १ ते ४ आठवड्यांत खोकला जातो. गोळी आपल्या मनाने मात्र सोडू नका. रक्तदाबाची काही औषधं, फिटची औषधं, स्टेरॉइड हे एकदम थांबवणं त्रासापेक्षाही महागात पडू शकतं.

सारख्या नोंदी साचू लागल्या की संशयाला वजन येतं. नुसत्या आकड्यावरून मात्र किती टक्के लोकांना त्रास होतो हे काढता येत नाही, कारण गोळी एकूण किती जणांनी घेतली ते नोंदींत नसतं. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतलं जाणारं मेफेनॅमिक ॲसिड घ्या. नोंदींचा साठा तपासल्यावर आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याबद्दल इशारा दिला. अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं आणि यकृतासारख्या अवयवावर परिणाम अशी ही गंभीर प्रतिक्रिया असते. अशी प्रतिक्रिया साधारणपणे औषध सुरू केल्यावर २ ते ८ आठवड्यांनी दिसते. तोवर गोळी संपलेलीही असते, आणि लोकांना ती आठवतही नाही.

इशाऱ्यानंतर औषध बाजारातून जातंच असं नाही. बहुतेकदा माहितीपत्रकात एक ओळ वाढते, किंवा वयाची मर्यादा येते. ताप-दुखण्यावरच्या नायमेसुलाइडवर २०११ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांसाठी बंदी आली. मधुमेहाचं पायोग्लिटाझोन जून २०१३ मध्ये थांबवलं गेलं आणि पुढच्याच महिन्यात ठळक इशाऱ्यासह परत आलं. धरसोड वाटते खरी, पण इशाऱ्यासह परत आणणं मला योग्य वाटतं. स्वस्त, उपयोगी औषध सगळ्यांपासून काढून घेण्यापेक्षा ते कुणाला देऊ नये हे ठरवणं बरं.

औषध नीट, पण त्याचा एखादा घाणा (बॅच) बिघडलेला, ही गोष्ट वेगळी. सिरपमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन गेलं की काय होतं, ते २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या मुलांच्या मृत्यूंत दिसलं. अशा वेळी नमुने प्रयोगशाळेत जातात. गुजरात सरकारची तशी प्रयोगशाळा आपल्याच शहरात आहे. पण बॅच नंबर हाती नसेल तर नेमका कुठला माल परत मागवायचा? केमिस्ट चार गोळ्या कापून देतो तेव्हा नंबर आणि मुदतीची तारीख बहुधा त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. बिलावर नंबर लिहून मागा, आणि बाटली रिकामी झाली तरी लगेच टाकू नका.

त्रास झाल्यास रुग्ण स्वतः कळवू शकतो. फॉर्म मराठी आणि गुजरातीतही आहे. औषध-दक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी सकाळी ९ ते सायंकाळी साडेपाच. फोन लावताना स्ट्रिप, बिल आणि तारखांचा कागद समोर ठेवा. नमस्कार.