पायाला पट्टी बांधण्याआधी

(सोलापूर येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. यंत्रमागापुढे पाळीभर उभं राहणारी माणसं सोलापुरात घरोघर सापडतात. विडी ओढणारेही कमी नाहीत. उभं राहून राहून पहिल्याच्या पायात रक्त साचतं आणि दुसऱ्याच्या पायात ते पोचतच नाही. जखम दोघांनाही होते, आणि दोघंही एकच सांगतात, "दोन महिने झाले, भरतच नाही." उपचार मात्र अगदी उलटे आहेत. पहिल्याचा पाय घट्ट बांधायचा असतो. दुसऱ्याचा तसाच बांधला तर पंजा काळा पडतो. तेव्हा कातडी बघून हे दोन पाय वेगळे कसे ओळखायचे, यावरच आज जास्त वेळ घालवणार आहोत.

आधी एक अडचण सांगायला हवी. पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. तिथली लाली आपल्या सावळ्या कातडीवर जांभळट, राखाडी किंवा नुसतीच गडद दिसते. म्हणून रंग बघायचा तो तळव्याला, बोटांच्या टोकांना आणि नखांखाली. बाकी ठिकाणी हाताची पालथी बाजू लावून ऊन-गार बघायचं आणि दोन्ही पाय शेजारीशेजारी ठेवून तुलना करायची. लुंगी किंवा साडी गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांगा. एकाच पायाचा मोजा काढून केलेली तपासणी फुकट जाते.

आता शिरांचा पाय. पायातलं रक्त वर चढवण्याचं काम पोटरी करते. चालताना स्नायू आवळतात, शिरा दाबल्या जातात, आणि आतल्या झडपा रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत. निश्चल उभं असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटरपर्यंत असतो, चालायला लागलं की तो 30 च्या खाली उतरतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही तो पुरेसा उतरत नाही. मग केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं, त्याच्यामागे तांबड्या पेशी येतात. त्या पेशी फुटल्या की त्यांतलं लोह कातडीत साठतं. घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा वर, जो तपकिरी डाग दिसतो तो या लोहाचा. "काळपटपणा आहे, साबणानं जाईल" म्हणून घासत बसू नका.

या डागाला खाज सुटते, लस येते, खपल्या धरतात. हे शिरांचं इसब. घोळ होतो तो इथेच. मेडिकलवाला तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम देतो. त्यातल्या स्टिरॉइडनं खाज आठवडाभर थांबते, कातडी मात्र कागदासारखी पातळ होते आणि पहिल्याच ओरखड्याला फाटते. दुसरी चूक अँटिबायोटिकची. पाय लाल, गरम आणि सुजलेला दिसला की जंतुसंसर्ग समजून गोळ्यांचे कोर्स सुरू होतात. दोन्ही पाय एकदम लाल झालेत, ताप नाही, खाज आहे, असं असेल तर तो बहुधा शिरांचाच त्रास असतो. जंतुसंसर्ग शक्यतो एकाच पायाला होतो, आणि त्यात खाजेपेक्षा दुखणं जास्त असतं. एकच पाय, विशेषतः पोटरी, एक-दोन दिवसांत अचानक सुजली असेल तर तिसरीच शक्यता मनात आणा: आतल्या शिरेत गुठळी झालेली असू शकते. ती पोटरी चोळायची नाही. त्याच दिवशी सोनोग्राफी.

वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं की घोट्याच्या वरची कातडी आतल्या चरबीसकट आवळते, लाकडासारखी कडक लागते. खाली पाय बारीक आणि वर पोटरी जाड, असा आकार होतो. मधूनच पांढरे, खोलगट व्रण दिसतात. ते कोडाचे डाग नव्हेत. तिथल्या केशवाहिन्या बुजलेल्या असतात, आणि असली जागा फुटली तर लवकर भरत नाही. शिरांची जखम बहुधा आतल्या घोट्याच्या वर होते. ती उथळ, ओली आणि वाकड्यातिकड्या कडांची असते, आणि पाय उशीवर घेतला की बरं वाटतं.

धमनीच्या पायाचं सगळं उलट. कातडी कोरडी, चकचकीत, गार. बोटांवरचे केस गेलेले, नखं जाड झालेली. जखम बोटांच्या टोकाला, दोन बोटांच्या मधे, टाचेला किंवा बाहेरच्या घोट्यावर होते. ती लहान असते, कडा छिन्नीनं कापल्यासारख्या, तळ फिकट, आणि दुखणं जखमेच्या मानानं फार. ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की मोकळी होते. आजार वाढला की माणूस रात्री पाय खाटेखाली सोडून बसतो, कारण लोंबकळत्या पायात थोडं जास्त रक्त उतरतं. सतत खाली सोडलेल्या पायाला सूजही येते, आणि सूज दिसली की कुणीतरी क्रेप बँडेज आवळतं. असं बांधलेलं बँडेज ताबडतोब सोडा.

एक चाचणी घरीही करता येते. माणसाला उताणं झोपवून दोन्ही पाय 45 ते 60 अंशांपर्यंत उचला आणि मिनिटभर धरा. धमनी खराब असेल तर तळवा पांढराफटक पडतो. मग त्याला बसवून पाय खाली सोडायला लावा. निरोगी पायाचा रंग लगेच परत येतो. आजारी पाय उशिरानं रंगतो आणि नंतर भडक जांभळट-लाल होतो. ही लाली बघून "रक्त खेळायला लागलं" असा घरच्यांचा समज होतो. खरं म्हणजे भुकेलेल्या केशवाहिन्या सताड उघड्या राहिल्याची ती खूण आहे.

नाडी दोन जागी बघा: पंजावर, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या रेषेत, आणि आतल्या घोट्याच्या मागे. पंजावरची नाडी काही निरोगी माणसांनाही लागत नाही, घोट्यामागची लागायला हवी. यापुढची तपासणी साध्या हँड डॉपलरनं, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणाऱ्या हातातल्या यंत्रानं होते. घोट्याशी मोजलेला वरचा (सिस्टॉलिक) रक्तदाब भागिले दंडाला मोजलेला वरचा रक्तदाब. दंडाला 140 आणि घोट्याला 70 आले तर उत्तर 0.5. उत्तर 0.9 च्या खाली गेलं की धमनीचा आजार आहे. 0.8 च्या खाली पूर्ण दाबाची पट्टी बांधायची नाही, 0.5 च्या खाली अजिबात नाही. मधुमेहींमध्ये धमन्यांत चुना साचून त्या दाबल्याच जात नाहीत, आकडा 1.3 च्या वर जातो. तो चांगला आकडा समजू नका, तिथे पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब घ्यावा लागतो.

आकडा चांगला असेल तर शिरांच्या पायाला बांधायचं कसं? सकाळी, अंथरुणातून उठण्याआधी, सूज चढायच्या आत. सुरुवात बोटांच्या मुळाशी, शेवट गुडघ्याच्या दोन बोटं खाली. टाच झाकलीच पाहिजे, उघडी टाच फुगते. प्रत्येक वेढ्यानं आधीचा निम्मा वेढा झाकायचा. ताण सगळीकडे सारखा ठेवा: घोटा बारीक असल्यामुळे तिथे आपोआप जास्त दाब पडतो आणि वर कमी होत जातो. जखम भरायला घोट्याशी 30 ते 40 मिलिमीटर दाब लागतो. पोटरीला घट्ट आणि घोट्याला सैल बांधलेली पट्टी नसलेली बरी. बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर सोडायची. आणि फुगलेली शीर फुटून रक्ताची चिळकांडी उडाली तर आडवं व्हा, पाय छातीच्या वर धरा, कापडानं दहा मिनिटं दाबून ठेवा. वर दोरी आवळली की रक्त आणखी वाहतं.

आता विडीचा पाय. 1908 साली लिओ बर्गर यांनी ज्याचं सविस्तर वर्णन केलं तो हा आजार. पंचेचाळिशीच्या आतले पुरुष जास्त, आणि तंबाखू जवळपास सगळ्यांत. पहिली खूण कातडीवर दिसते आणि हमखास निसटते: नडगीवर किंवा पंजावर दुखरी, लाल, दोरीसारखी गाठ येते, काही दिवसांत विरते आणि दुसरीकडे उठते. पुढे बोटं गार पडतात, मग टोकं काळी होतात. यात मुख्य औषध एकच, तंबाखू पूर्ण बंद. दिवसाला एक-दोन विड्याही आजार पेटता ठेवायला पुरतात. विडी सोडून मशेरीवर किंवा चघळण्यावर आलेल्याचाही पाय सुटलेला नसतो.

गार पाय शेकायची आपल्याकडे फार हौस. रक्त कमी पोचणाऱ्या कातडीतून उष्णता वाहून नेली जात नाही, ती जागच्या जागी भाजते. मधुमेह्याला तर चटका कळतही नाही. मे महिन्यात देवळाबाहेर चपला काढून तापलेल्या फरशीवर चाललेल्या मधुमेह्याचे दोन्ही तळवे फोडांनी भरतात. गार पायाला सुती मोजा घाला, गरम पाण्याची पिशवी लावू नका.

नडगीवर जाळी दिसली तर आधी चुलीचं विचारा. रोज भाकऱ्या थापायला चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या नडग्यांवर तपकिरी जाळी उमटते. तो आचेचा डाग आहे. पण चुलीशी संबंध नाही, जाळी जांभळी आणि तुटक आहे, ऊब देऊनही जात नाही, अशा वेळी रक्त गोठण्याच्या तपासण्या करा. त्यातही बाईचे गर्भपात झालेले असतील किंवा तरुणपणी अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल तर नक्की.

लहान वाहिन्यांच्या दाहाचं थोडक्यात. दोन्ही नडग्यांवर जांभळे-काळे, हाताला लागणारे ठिपके येतात. काचेचा पेला दाबा. रंग गेला तर रक्त वाहिनीतच आहे, नाही गेला तर बाहेर सांडलंय. गेल्या दोन आठवड्यांत घेतलेल्या नव्या गोळ्या आणि घसादुखी आठवा. लहान मुलात ठिपक्यांबरोबर पोट आणि सांधे दुखत असतील तर लघवी तपासायची, आणि पहिली ठीक आली तरी सहा महिने अधूनमधून परत तपासायची, कारण मूत्रपिंडाला इजा उशिरा होऊ शकते. आणि तापात असे ठिपके तासातासाला वाढताहेत, माणूस गळून गेलाय, तर पेला शोधत बसू नका, रुग्णालय गाठा.

तशीच घाई अचानक गार, पांढऱ्या आणि दुखऱ्या पडलेल्या पायाची. त्यावर उठलेली जांभळी जाळी दाबून रंग बदलत असेल तर पाय वाचण्याची आशा असते, बदलत नसेल तर फार उशीर झालेला असतो. हाताशी साधारण सहा तास असतात, आणि करमाळ्याहून किंवा अक्कलकोटहून निघणाऱ्याचे त्यातले काही रस्त्यातच जातात. निघण्याआधी फोन करून विचारा, रक्तवाहिन्यांचा सर्जन आत्ता आहे का. नसेल तर तिथे थांबून वेळ घालवू नका, जिथे तो आहे तिथेच थेट गाडी न्या.