ब्लॉगचा सातबारा कोणाच्या नावावर?

(अंबाजोगाईत ब्लॉग लिहिणाऱ्या पंचवीस-तीस जणांसमोर केलेलं बोलणं. उतरवून काढताना थोडं नीट केलंय, फार नाही.)

मंडळी, माईक आहे पण लाइटचा भरवसा नाही, म्हणून मी आपलं मोठ्यानंच बोलतो. मागच्या बाकावरच्या मॅडमनी मघाशी चहाच्या वेळी विचारलं की माझं सगळं ब्लॉगरवर, म्हणजे गूगलच्या फुकट ब्लॉग सर्व्हिसवर आहे, नऊ वर्षांचं, ते बाहेर काढता येतं का. त्यांना म्हणलं आत्ताच गूगल टेकआउट, म्हणजे गूगलकडचं आपलं सामान उतरवून घ्यायचं पान उघडा, फक्त ब्लॉगरला टिक करा, रिक्वेस्ट टाका आणि बसून राहा, माझं बोलणं संपेपर्यंत मेल येते का बघू. तर ते काम तिकडं चालू आहे.

संतकवी दासोपंतांच्या गावात लिहिण्याबद्दल बोलायचं म्हणजे जरा जपूनच बोलावं लागतं. त्या माणसानं पंचीकरणासारखा, म्हणजे पंचमहाभूतांच्या तत्त्वज्ञानाचा विषय भल्यामोठ्या पासोडीवर लिहून काढला आणि ती पासोडी चारशे वर्षांनंतरही इथंच आहे. मला त्यातलं अध्यात्म फार कळत नाही, पण एवढं कळतं की कापड त्यांचं स्वतःचं होतं.

आता मपलं सांगतो. २००९ साली मी ब्लॉग काढला, फुकटातली सर्व्हिस होती, नाव घेत नाही. लिहायचो काय तर गावाकडचे शब्द. मोट, नाडा, सोंदूर, धाव, थारोळं, आमच्या विहिरीवर मोट बंद पडली तेव्हा मी लहान होतो, पण आजोबांना एकेक शब्द विचारून लिहून घेतलेले. सात वर्षांत दोनशेच्या वर लेख झाले. मग मी नंबर बदलला, नंतर एकदा हैदराबादला गेलो आणि तिथल्या लॉजवरून लॉगिन करायला गेलो तर स्क्रीनवर आलं की तुमच्या खात्यात संशयास्पद हालचाल दिसली, जुन्या नंबरवर कोड पाठवलाय. जुना नंबर तोवर दुसऱ्याच कोणाला गेलेला. फॉर्म भरले, पाच-सहा वेळा भरले, दरवेळी मशीनचंच उत्तर, शब्द न् शब्द तेच. तीन महिन्यांनी ब्लॉगचा पत्ता टाकला तर पानच नाही.

आईला सांगितलं, म्हणलं माझं सगळं लिहिलेलं गेलं. तिनं गव्हाला पाखडता पाखडता विचारलं, "पर ते घर तुपलं होतं का त्यांचं?"

मी काय सांगणार. सातबारा त्यांच्या नावावर, मी आपला बटईनं कसत होतो, आणि बटईवाल्याला निदान वाटणीचं पीक तरी घरी आणता येतं, मला तेही नाही. जमीन कसणाऱ्यासाठी आपल्याकडं हैदराबाद राज्याचा १९५० चा कूळकायदा तरी होता, कसतोय म्हणून काहीतरी हक्क मागता यायचा. इंटरनेटवर तुमचं कूळ कोण लावून देणार? आणि अ‍ॅग्री बटण दाबताना आपण काय मान्य केलं ते वाचलेला माणूस या हॉलमध्ये असेल तर हात वर करा. बघा, एक पण नाही, मी पण नाही.

गेलेल्यातलं थोडं परत मिळालं. परभणीचे एक रिटायर्ड गुरुजी माझे लेख ईमेलनं घ्यायचे आणि त्यांना मेल डिलीट करायची सवयच नव्हती, त्यांच्या इनबॉक्समधून सत्तरेक लेख निघाले. काही इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, जिथं जुन्या वेबपानांच्या प्रती जपून ठेवतात तिथं सापडले, फोटो नव्हते पण मजकूर होता. काही मी आठवणीनं परत लिहिले आणि खरं सांगतो, ते पहिल्यासारखे झालेच नाहीत.

हे करताना मला सारखी महानुभावांची आठवण यायची. चक्रधरस्वामी पैठणला राहिलेले, म्हणजे आपल्याच भागातली गोष्ट. त्यांच्या पंथातल्या म्हाइंभटांनी एकेका माणसाला भेटून, विचारून स्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्र लिहिलं, आणि परंपरेत असं सांगतात की मूळ पोथी धामधुमीत गेली, मग शिष्यांनी आपापल्या आठवणीतून ती परत उभी केली, म्हणून तिचे वेगवेगळे पाठ. दोन घरी दोन प्रती असत्या तर ही वेळ आली नसती. आणि पुढं त्यांनी केलं काय तर पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्या. का ठेवल्या तेही समजण्यासारखं आहे, काळच तसा होता. पण किल्ली ज्यांच्याकडं त्यांनाच वाचता येणार, बाहेरच्याला पोथी हातात देऊनही उपयोग नाही. पाच-सहाशे वर्षं मराठीतलं इतकं जुनं गद्य मराठी माणसालाच वाचता येत नव्हतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला तेव्हा कुठं दार उघडलं.

तुम्ही म्हणाल याचा ब्लॉगशी काय संबंध. इथं कोणी युनिकोडच्या आधी, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना अक्षरांचे एकच नंबर ठरायच्या आधी, डीटीपीवाल्याकडून काही टाइप करून घेतलंय का? बघा, निघाले चार हात. माझ्याकडं एक सीडी आहे, २००२ सालच्या कवितांची. (कविता वाईट आहेत, तो भाग सोडा.) ती फाइल आज उघडली तर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर असली खिचडी दिसते, कारण ती ज्या फाँटमध्ये टाइप केली त्याच फाँटला ती कळते आणि तो फाँट विकत घेतलेल्या एका डब्यात अडकलेला. ही सकळ लिपीच झाली की, फरक एवढाच की धर्म वाचवायला नव्हती केलेली. युनिकोडनं तो प्रश्न मिटवला, आता तुमचं मराठी कुठंही मराठीच दिसतं. फाँटसुद्धा मुक्त मिळतात, 'एक टाइप' नावाच्या फाँट करणाऱ्या मंडळींचा 'मुक्त' नावाचाच फाँट आहे, ब्लॉगला लावा, छापा, कोणी पैसे मागायला येत नाही.

तर लिपी उघडी झाली, पण आपण लिहायला जागा निवडली ती परत बंदच. लोक फुकटात आपली पानं जिथं ठेवायचे ते जिओसिटीज याहूनं ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केलं. पोस्टरस नावाची ब्लॉगची सर्व्हिस ट्विटरनं २०१२ ला विकत घेतली आणि ३० एप्रिल २०१३ ला त्याला कुलूप. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं, आपल्यातल्या कितीतरी जणांनी मराठीत पहिल्यांदा टाइप केलं ते ऑर्कुटच्या कम्युनिटीत. गूगल प्लस एप्रिल २०१९. कंपन्या वाईट असतात असं मला म्हणायचं नाही, त्यांना परवडत नाही म्हणून त्या दुकान उचलतात, पण तुमची कापसाची गंजी त्यांच्या दुकानात असेल तर धावपळ तुमचीच.

आता ओपन सोर्सची, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो त्या सॉफ्टवेअरची गोष्ट सांगतो, ही मला फार आवडते. बीटू नावाचं ब्लॉगचं एक सॉफ्टवेअर होतं, मिशेल वाल्द्रिगी नावाच्या माणसानं लिहिलेलं. २००२ संपता संपता तो दिसेनासा झाला, अपडेट नाही, काही नाही. ते वापरणारा ह्यूस्टनचा मॅट मुलेनवेग, एकोणीस वर्षांचं पोरगं, त्यानं जानेवारी २००३ ला लिहिलं की आता काय करावं, सॉफ्टवेअर तर बेवारस झालं. पण त्याचं लायसन जीपीएल होतं, म्हणजे कोड कोणीही घ्यावा, वाचावा, बदलावा, वाटावा, अट एकच की पुढच्याला पण तीच मोकळीक द्यायची. इंग्लंडमधल्या माइक लिटलनं त्याखाली कळवलं की तू खरंच करणार असशील तर मी पण येतो. बीटूच्याच कोडवरून २७ मे २००३ ला वर्डप्रेस नावाच्या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती आली. नंतर वाल्द्रिगीनंच ते बीटूचा अधिकृत वारसदार म्हणून मानलं. आज जगातल्या दर शंभर वेबसाइटीतल्या चाळिसाच्या वर वर्डप्रेसवर आहेत.

मालक निघून गेला आणि तरी वापरणाऱ्यांचं अडलं नाही, हे लक्षात घ्या. त्याच्या उलटं २००४ च्या मे महिन्यात झालं. मूव्हेबल टाइप नावाचं ब्लॉगचं दुसरं सॉफ्टवेअर तेव्हा लई जोरात होतं, त्यांनी लायसनच्या अटी आणि किमती बदलल्या, ते त्यांच्या मालाचे मालक, बदलू शकतात. लोक वैतागले आणि थव्यानं वर्डप्रेसकडं आले.

वर्डप्रेसमध्ये भांडणं नाहीत असं समजू नका बरं का. २०१८ ला नवीन एडिटर आला, ब्लॉकवाला, तो अनेकांना आवडला नाही, तर त्यांनी कोड घेऊन क्लासिकप्रेस नावानं वेगळी चूल मांडली. २०२४ ला मुलेनवेगची कंपनी आणि एका मोठ्या होस्टिंग कंपनीचं, म्हणजे साइट ठेवायला भाड्यानं जागा देणाऱ्या कंपनीचं भांडण कोर्टात गेलं. भाऊबंदकी इथं पण आहे. पण तुमच्या सर्व्हरवर बसवलेली प्रत तुमची, ती काढून घ्यायला कोणी येत नाही.

इथं एक घोळ होतो तो मिटवतो. वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग या दोन गोष्टी आहेत. डॉट कॉमवर कंपनी तुम्हाला जागा देते, फुकटही देते, तिथं परत तुम्ही भाडेकरू, फक्त घरमालक बरा, सामान घेऊन जायला अडवत नाही. डॉट ऑर्गवरून सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं आणि आपल्या डोमेनवर, म्हणजे आपल्या नावाच्या पत्त्यावर, आपल्या होस्टिंगवर बसवायचं, मी सांगायलोय ते हे. आणि मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे इंग्रजीवाल्यांना समजावून सांगावं लागतं कारण त्यांच्याकडं दोन्हीला एकच शब्द, आपल्याला नाही. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत, पण डोमेनला वर्षाला हजाराच्या आसपास आणि होस्टिंगला दोन-चार हजार धरून चला. हा खर्च जास्त वाटत असेल तर ह्यूगो किंवा जेकिल आहे, त्यात साधी पानं तयार होतात, डेटाबेसची भानगड नाही, गिटहबवर फुकट ठेवता येतात, पण कमांड टाइप कराव्या लागतात म्हणून सगळ्यांना नाही सांगत. घोस्ट पण आहे, छान आहे, ज्यांना मेलनं लेख पाठवायचेत त्यांनी बघावं.

आता मराठीवाल्यांच्या दोन-तीन गोष्टी, ज्या इंग्रजी व्हिडिओत कोणी सांगत नाही. ब्लॉगरवर मराठी शीर्षक टाकलं की पत्त्यात ते येतच नाही, ब्लॉग-पोस्ट एवढंच येतं, दुसऱ्या लेखाला ब्लॉग-पोस्ट पुढं काहीतरी आकडा. म्हणजे बारशाला नाव न ठेवता पोरांना नंबर दिल्यासारखं. वर्डप्रेस मराठी ठेवतं, पण एकेक अक्षर, काना-मात्रासुद्धा, आत टक्के आणि आकड्यांची नऊ चिन्हं होऊन बसतं आणि जागा असते दोनशे चिन्हांची, म्हणजे बाविसाव्या अक्षराशी शीर्षक तुटलं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की वीतभर टक्केच टक्के दिसतात, लोकांना वाटतं व्हायरस आहे. म्हणून पत्ता रोमन अक्षरांत छोटा द्या, शीर्षक मराठीत खुशाल लांबलचक ठेवा.

दुसरी गोष्ट मी भोगलेली. एक होस्टिंग सोडून दुसरीकडं गेलो, त्यांच्या माणसानं डेटाबेस हलवून दिला, मी ब्लॉग उघडला तर सगळ्या लेखांत नुसती प्रश्नचिन्हं. आजोबांच्या मोटेचा अख्खा लेख प्रश्नचिन्हं, मधे मधे फक्त स्वल्पविराम आणि पूर्णविराम शाबूत! झालं असं की हलवताना त्यानं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, जुनं लॅटिन निवडलं होतं, त्यात देवनागरी बसतच नाही. एकदा अक्षराचं प्रश्नचिन्ह झालं की त्याचं परत अक्षर होत नाही. पण या वेळी माझ्याकडं एक्सपोर्टची फाइल होती, घरच्या पेनड्राइव्हवर. अर्ध्या तासात परत चढवली. आईला सांगितलं सुद्धा नाही, सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

आणि मराठी भाषांतर जुनाट वाटतं अशी तक्रार असेल तर वर्डप्रेसचं मराठी आपल्यासारखेच लोक करतात, वेळ मिळेल तसं. शब्द खटकला तर तुम्ही दुसरा सुचवू शकता. बंद सॉफ्टवेअरमध्ये खटकलेला शब्द नुसता खटकत राहतो.

मघाशी एक दादा म्हणले की लोक फेसबुकवर आहेत, ब्लॉगवर कोण येणार. बरोबर आहे, आठवडी बाजार तिथं भरतो तर तिथं जायलाच पाहिजे. माल विकून या ना, पण रात्री बैल बांधायला घरी या. लेख आधी आपल्या ब्लॉगवर टाका, मग त्याची लिंक आणि चार ओळी तिकडं. फेसबुकवर आपणच तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं शोधून बघा एकदा, घाम फुटतो.

पासवर्ड मजबूत ठेवा, अपडेट आलं की करा, आणि पैशाची थीम, म्हणजे ब्लॉगच्या रूपाचा साचा, कोणी फुकट देतोय म्हणून टेलिग्रामवरून घेऊ नका, त्यात काय पेरलेलं असतं ते गूगलनं तुमची साइट लाल पाटी लावून अडवली की कळतं. ब्लॉगरवरून जाताना एक ध्यानात ठेवा की साध्या बॅकअपच्या फाइलीत फोटो नसतात, फोटोंचे नुसते पत्ते असतात, म्हणून जुना ब्लॉग लगेच उडवू नका, फोटो नवीन घरी उतरलेत का ते बघा, मग बघू.

काय मॅडम? आली मेल? आली म्हणतायत. आणा लॅपटॉप पुढं, या तुम्ही. झिप आहे, उघडा, आत ब्लॉगचं नाव, त्याच्यात ही फाइल. किती आहे? पाच एमबी. नऊ वर्षांचं सगळं, हो, एवढंच भरतं, लग्नातल्या व्हिडिओचा एक मिनिटही याच्यापेक्षा मोठा असतो. आता हिला नोटपॅडमध्ये ओढा. घाबरू नका, ते कंस आणि खुणा दिसायल्यात त्या मशीनसाठी आहेत, खाली जा, अजून खाली, सगळ्यात जुना लेख शेवटी असेल. थांबा, थांबा. वाचा ते मोठ्यानं.

"आज पोळा. यंदा दावणीला एकच बैल आहे, तरी बाबांनी तोरण दोघांचंच आणलं."