मुख्यमंत्र्यांची खुर्ची जाते कशामुळे? अंतुले ते आदर्श

नमस्कार मंडळी.

12 जानेवारी 1982. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन निकाल देतात आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांना राजीनामा द्यावा लागतो. अटक नव्हती, आरोपपत्र नव्हतं, शिक्षा तर लांबच राहिली. तरीही खुर्ची गेली.

भ्रष्टाचाराचे आरोप झालेल्या मुख्यमंत्र्यांचं पुढे काय होतं, हा आजचा विषय. यातला बराच वेळ मी अंतुलेंवरच घालवणार आहे, कारण नंतरच्या कितीतरी खटल्यांचे नियम या एका माणसाच्या प्रकरणातून तयार झाले. वकील मंडळींमध्ये ‘अंतुले केस’ म्हटलं की ‘कुठली?’ असं विचारावं लागतं, इतक्या आहेत त्या!

आधी सिमेंट समजून घ्या. तेव्हा सिमेंटचा भाव सरकार ठरवायचं आणि वाटपही सरकारच्याच हातात होतं. परमिट असेल तर सरकारी दरात गोणी, नाहीतर काळा बाजार. म्हणजे सिमेंटपेक्षा परमिटवरच्या सहीला जास्त किंमत. अशा वेळी अंतुलेंनी ट्रस्ट काढले. त्यातल्या एकाचं नाव इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. हेतू उदात्त, गरजू कलावंत-साहित्यिकांना मदत. 31 ऑगस्ट 1981 ला ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरींचा लेख आला. आरोप असा होता की बिल्डर ट्रस्टला देणगी देतात आणि त्यांना सिमेंट मिळतं. प. बा. सामंत आणि इतर उच्च न्यायालयात गेले, आणि देणगी आणि सिमेंट यांचा संबंध आहे, असं लेंटिन यांनी निकालात म्हटलं.

‘पैसा स्वतःच्या खिशात कुठे घातला? ट्रस्टलाच दिला ना?’ हा बचाव अंतुलेंचे चाहते तेव्हाही करायचे. मला तो पटत नाही. सार्वजनिक मालाच्या वाटपासाठी देणगी लागत असेल, तर ती कोणत्या खात्यात जमा झाली हा नंतरचा प्रश्न.

(स्क्रीनवर: 28 फेब्रुवारी 1982)

आणि गंमत बघा. राजीनाम्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोवर केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. कारखान्यांना उत्पादनातला काही हिस्सा खुल्या बाजारात विकता येऊ लागला. ज्या सहीमुळे हे सगळं रामायण घडलं, तिचं वजनच कमी झालं.

मग राजकीय परिणाम काय? बहुतेक लोक इथे ‘काँग्रेस हरली असेल’ असं धरून चालतात. हरली नाही. 1985 च्या विधानसभा निवडणुकीत पुन्हा काँग्रेसचंच सरकार आलं. परिणाम झाला तो वेगळ्या जागी. दिल्लीनं बाबासाहेब भोसले यांना मुख्यमंत्री केलं. त्यांचा शपथविधी 21 जानेवारीचा, आणि त्याच्या तीनच दिवस आधी, 18 जानेवारीला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर, आणि राज्याला धड मुख्यमंत्री नाही. संप अंतुलेंमुळे झाला असं मी म्हणत नाहीये. पण मुंबईच्या इतिहासातला सगळ्यात मोठा संप हाताळायला ज्यांच्यामागे स्वतःचे आमदारही नीट उभे नव्हते, असे मुख्यमंत्री मिळाले. ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांनीच उठाव केला. 1983 च्या सुरुवातीला भोसलेही गेले, वसंतदादा आले.

आता कोर्टाकडे येऊ. भाजपचे रामदास नायक यांनी अंतुलेंविरुद्ध फौजदारी तक्रार केली. पहिली अडचण मंजुरीची. लोकसेवकावर खटला भरायला त्याला पदावरून काढू शकणाऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मुख्यमंत्र्याच्या बाबतीत तो अधिकारी म्हणजे राज्यपाल. आणि राज्यपाल कुणाच्या सल्ल्यानं चालतात? मंत्रिमंडळाच्या. मंत्रिमंडळ कुणाचं? मुख्यमंत्र्यांचं. म्हणजे चोरीची तक्रार घ्यायची की नाही, हे संशयितालाच विचारायचं! यातून वाट निघाली ती अशी, की अशा प्रकरणात राज्यपालांनी स्वतःच्या विवेकानं निर्णय घ्यायचा. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हे नोंदलं गेलं आणि राज्यपाल इदरीस लतीफ यांनी मंजुरी दिली.

तरी खटला चालेना. विशेष न्यायाधीश म्हणाले, अंतुले अजून आमदार आहेत, मग आमदार म्हणूनही मंजुरी हवी. सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्ये हे खोडून काढलं आणि लवकर निकाल लागावा म्हणून खटला थेट उच्च न्यायालयाकडे दिला. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच सात न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं सांगितलं की असा खटला वर्ग करणं ही आपलीच चूक होती. परत फिरा! शिक्षा काही झाली नाही. मधल्या काळात अंतुले 1989 ला कुलाबा (म्हणजे मुंबईतलं नव्हे, रायगडकडचं) मतदारसंघातून लोकसभेत पोचले, 1995 ला केंद्रात आरोग्यमंत्री झाले, 2006 ला अल्पसंख्याक खात्याचे मंत्री.

पुढची दोन प्रकरणं झटपट. 1986 मध्ये मुलीच्या एमडी परीक्षेतल्या गुणांवरून उच्च न्यायालयानं ताशेरे ओढले आणि शिवाजीराव पाटील निलंगेकर गेले. 1999 च्या जानेवारीत मनोहर जोशी गेले. जावयाच्या पुण्यातल्या भूखंडाचं प्रकरण तेव्हा उच्च न्यायालयात होतं, निकाल मार्चमध्ये लागला. बाळासाहेबांनी राजीनामा मागितला तो निकालाच्या आधीच.

आणि आदर्श. कुलाब्यातली 31 मजली इमारत, सोसायटीत नातेवाइकांना फ्लॅट मिळाल्याचा आरोप, नोव्हेंबर 2010 मध्ये अशोक चव्हाणांचा राजीनामा. इथे मंजुरीचा प्रवास तर पाठ करून ठेवण्यासारखा आहे. 2013 ला राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी नकार दिला. 2014 ला राज्यातलं सरकार बदललं, राज्यपालही बदलले. 2016 ला सी. विद्यासागर राव यांनी होकार दिला. 2017 ला उच्च न्यायालयानं तो होकार रद्द केला, कारण पुरावा म्हणून टिकेल असं नवं काही समोर आलेलं नव्हतं. मधे 2014 च्या मोदी लाटेत चव्हाण नांदेडमधून निवडूनही आले. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राच्या श्वेतपत्रिकेत ‘आदर्श’चा उल्लेख झाला आणि आठवड्याच्या आत चव्हाण भाजपमध्ये आले. लगोलग राज्यसभेवरही गेले.

कोर्टानं दोषी ठरवलं म्हणून या चौघांपैकी एकाचीही खुर्ची गेलेली नाही. वरच्या नेत्यांना ते ओझं वाटायला लागले, तेव्हा ती गेली. अंतुलेंच्या बाबतीत तर ट्रस्टवर खुद्द इंदिराबाईंचं नाव होतं.

म्हणूनच 20 ऑगस्ट 2025 ला लोकसभेत मांडलेलं 130 वं घटनादुरुस्ती विधेयक मला पटत नाही. पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सलग 30 दिवस कोठडीत राहिलेल्या मुख्यमंत्र्याचं पद 31 व्या दिवशी जाणार, अशी त्यात तरतूद आहे. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं. पण अंतुले, निलंगेकर, जोशी, चव्हाण यांच्यापैकी एकही जण खुर्चीत असताना एक दिवसही कोठडीत नव्हता. हा नियम 1982 ला असता तरी महाराष्ट्रातला एकही राजीनामा त्यानं आला नसता. उलट 2018 पासून लाचलुचपत कायद्यात पदावर असताना घेतलेल्या निर्णयांची चौकशी सुरू करायलाच पूर्वपरवानगी लागते. खटल्याच्या मंजुरीला सक्तीची मुदत आणि नकाराची लेखी, जाहीर कारणं, एवढं जरी आधी केलं असतं, तरी आदर्शच्या फाइलला तीन राजभवनी वर्षं लागली नसती.